गाठ केवढी?

आपल्याकडे गाठीची मापं बाजारातून आणि स्वयंपाकघरातून येतात. मोहरीएवढी, वाटाण्याएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. आणि मग आवाज खाली आणून, नारळाएवढी. माझ्या मावशीच्या जठरात गाठ सापडली तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न हाच असायचा, "केवढी आहे गं?" मी रिपोर्टातले सेंटिमीटर फळांमध्ये बदलून सांगायचे. आठ सेंटिमीटर, म्हणजे चांगली मोठी मोसंबी. पलीकडून उसासा ऐकू यायचा, जणू एवढ्यात सगळं कळलं.

तीन महिने गोळ्या घेतल्यावर दुसरा सीटी स्कॅन झाला. रिपोर्टात पुन्हा आठच सेंटिमीटर. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी रेडिऑलॉजिस्ट बाईंनी आम्हाला आत बोलावलं, जुना आणि नवा स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावला आणि म्हणाल्या, "ताई, माप नका बघू. रंग बघा." जुन्या चित्रात गाठ राखाडी होती, आतून रक्तवाहिन्यांच्या पांढुरक्या रेघा गेलेल्या. नव्या चित्रात तीच गाठ, तेवढीच, पण आतून काळसर आणि एकसारखी, साचलेल्या पाण्यासारखी. "औषध लागू पडलंय," त्या म्हणाल्या.

मोसंबी तेवढीच होती आणि तिच्यातला जीव ओसरत होता. तेव्हापासून मला या चित्रांचं वेड लागलं आहे. पोटाच्या कर्करोगात स्कॅन म्हणजे गाठीचा फोटो, असं मी समजत होते. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्र शरीराला एक वेगळा प्रश्न विचारतं, आणि "केवढी" हा त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा प्रश्न आहे.

तो किती कच्चा आहे, हे डॉक्टरांना एका गादीने शिकवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पचनसंस्थेच्या कर्करोगांवर आयुष्यभर काम केलेले चार्ल्स मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅनली यांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मऊ गादीवर वेगवेगळ्या आकाराचे १२ टणक गोळे ठेवले, वरून फोमचा थर अंथरला आणि १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना सांगितलं, नेहमी रुग्णाचं पोट चाचपून गाठ मोजता तशी ही मोजा. गोळे वाढणार नव्हते, आटणार नव्हते. तरी मापं बदलत राहिली. दोन डॉक्टरांची जुळत नव्हती, आणि एकाच डॉक्टरने एकाच आकाराचा गोळा पुन्हा मोजला तर स्वतःशीही जुळत नव्हती. गाठ पावपट घटली की उपचार यशस्वी, असा नियम धरला असता तर कितीतरी लाकडासारखे मठ्ठ गोळे "बरे होऊ लागले" असते. निम्मी घट मागितली की ही फसगत बरीच कमी व्हायची.

पुढे हात बाजूला राहिला आणि स्कॅनवरचं माप आलं. २००० साली जगभर वापरायची एक नियमावली ठरली. गाठीचा सर्वांत लांब व्यास ३० टक्के घटला तर उपचाराला प्रतिसाद मिळाला म्हणायचं. तीसच टक्के? ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्यास ०.७ पट झाला की क्षेत्रफळ ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९ पट होतं, आणि घनफळ ०.३४ पट. लिंबाचा व्यास एवढासा कमी झाला तर त्यातलं दोन-तृतीयांश लिंबू गेलेलं असतं. रिपोर्टातला "थोडी लहान झाली आहे" हा शब्दप्रयोग त्यानंतर मी कधीच हलका धरला नाही.

मग मावशीच्या गाठीचा काळा रंग कुठून आला? त्यासाठी लंडनच्या एका ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीत जावं लागेल. ईएमआय ही कंपनी गाण्यांच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध, पण तिच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळाही होती. तिथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे अभियंता एका विचाराने झपाटले होते. साध्या एक्स-रेमध्ये पुढचं-मागचं सगळं एकमेकांवर पडतं. बरगडी, आतडं, मणका, सगळ्यांची मिळून एकच सावली. पण तोच किरण अनेक कोनांतून सोडला आणि प्रत्येक वेळी किती किरण पार झाले ते मोजलं तर गणिताने आतला प्रत्येक बिंदू वेगळा काढता येईल. त्यांचं सुरुवातीचं यंत्र एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर उभारलेलं होतं आणि एका चित्राची मोजणी पुरी व्हायला ९ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. एका चकतीसाठी १८० कोन, प्रत्येक कोनात १६० मोजण्या, मिळून २८,८०० आकडे. त्या आकड्यांच्या ढिगातून मेंदूतली गाठ गोल, काळी, स्पष्ट वर आली. हेच गणित स्वतंत्रपणे मांडणाऱ्या ॲलन कॉर्मॅक यांच्यासह हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो, आणि त्या एककाला हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १०००. चरबी साधारण उणे १०० च्या आसपास, मांसल भाग त्याच्या वर, हाड कितीतरी वर. मावशीच्या गाठीचा आकडा पहिल्या स्कॅनपासून दुसऱ्यापर्यंत शून्याच्या दिशेने उतरला होता. गाठ पाण्याकडे सरकली होती. पेशी मरत होत्या, रक्तपुरवठा आटत होता, आणि त्यांच्या जागी पाणथळ काहीतरी साठत होतं. डोळ्यांना दिसलेला काळेपणा हा खरं तर एक आकडा होता.

मावशीला जो आजार होता त्याला सगळे जिस्ट म्हणतात. जठर-आतड्याच्या स्नायूंच्या थरातून उगवणारी ही गाठ, नेहमीच्या कर्करोगापेक्षा वेगळ्या जातीची. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा किट नावाच्या जनुकातला बिघाड असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. केमोथेरपीला ती जवळजवळ दाद देत नसे. त्याच सुमाराला रक्ताच्या एका कर्करोगासाठी इमॅटिनिब नावाची गोळी तपासली जात होती, आणि ती या बिघडलेल्या प्रथिनालाही बंद पाडते असं प्रयोगशाळेत दिसलं. २००० साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीत, सर्वत्र पसरलेला जिस्ट असलेल्या एका स्त्रीला ती गोळी पहिल्यांदा दिली गेली. महिनाभराने पेट स्कॅन काढला. आधीच्या चित्रात यकृतात निखाऱ्यांसारख्या दिसणाऱ्या गाठींच्या जागी आता काहीच चमकत नव्हतं. गाठी तिथेच होत्या, पण विझलेल्या.

पुढे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या हेसुन चोई यांनी जिस्टसाठी वेगळी मोजपट्टी सुचवली. २००७ सालच्या त्यांच्या निकषांनुसार माप १० टक्के घटलं किंवा सीटीवरचा तो आकडा १५ टक्के उतरला, तरी प्रतिसाद धरायचा. मावशीच्या रेडिऑलॉजिस्ट बाई "रंग बघा" म्हणाल्या, त्यामागे हे सगळं होतं. आता मावशी स्वतःच प्रत्येक स्कॅननंतर विचारते, "काळीच आहे ना अजून?"

या पेट स्कॅनच्या नावाने आमच्याकडे बराच घोटाळा झाला होता. हिंदीतलं पेट म्हणजे पोट, म्हणून हा पोटाचाच स्कॅन, असं काकांनी गृहीत धरलं होतं. नावाचा पोटाशी काही संबंध नाही. ती पॉझिट्रॉन शब्दापासून सुरू होणाऱ्या लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत. मराठीतल्या पेटण्याशी मात्र ती कशी अचूक जुळतात! कारण या चित्रात खरोखरच गाठ पेटलेली दिसते.

कर्करोगाच्या पेशी साखरेच्या अधाशी असतात, हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिलं होतं. या अधाशीपणालाच सापळा लावायचा, ही पेटची युक्ती. ग्लुकोजच्या रेणूतली एक छोटी जोडणी काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवायचं. पेशीला फरक कळत नाही. ती हा रेणू साखर समजून आत ओढते, पचवण्यासाठी त्याला फॉस्फेटची शेपटी जोडते, आणि पुढच्या पायरीवर अडते, कारण जिथे कात्री चालायची तिथे नेमकं फ्लोरिन बसलेलं. शेपटी लागल्यामुळे रेणू बाहेरही पडू शकत नाही. जितकी भूक जास्त, तितके अडकलेले रेणू जास्त.

मग तो फ्लोरिनचा अणू फुटतो आणि त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन म्हणजे प्रतिद्रव्य, इलेक्ट्रॉनचा उलटा जुळा. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना तो अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांत सापडला होता. शरीरात तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन कण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यात समोरासमोरच्या दोन ठिकाणी एकाच क्षणी ठिणगी पडली, की यंत्राला कळतं, घटना या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली. अशा असंख्य रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गाठ. माणसाच्या पोटात प्रतिद्रव्य आणि द्रव्य एकमेकांना पुसून टाकतात आणि आपण त्याची चित्रं काढून फाइलला लावतो, या गोष्टीची सवय मला अजून झालेली नाही.

आणि मला सर्वांत आवडलेला भाग तर याच्याही पुढे आहे. फुटल्यावर त्या फ्लोरिनचं ऑक्सिजनमध्ये रूपांतर होतं. म्हणजे फसवा रेणू आपोआप खऱ्या साखरेसारखा होतो, त्याची अडवणूक संपते आणि पेशी तो पचवून टाकते.

हे फ्लोरिन साठवून ठेवता येत नाही. दर ११० मिनिटांनी त्यातलं निम्मं संपतं. सायक्लोट्रॉनमध्ये बनवायचं, लगोलग साखरेला जोडायचं, शिशाच्या डब्यात घालून रुग्णालयाकडे पळायचं. चार तास गाडी वाहतुकीत अडकली तर जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत परळला बसला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. हे केंद्र टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत आहे, आणि सायक्लोट्रॉनही तिथेच उभारला गेला. दवा बनवायची भट्टी आणि रुग्ण एकाच आवारात असणं किती मोलाचं होतं, हे ११० मिनिटांचा हिशेब मांडल्यावर समजतं.

पण पेटलेलं सगळं कर्करोग नसतं. मेंदू सतत साखर खातो, तो कायम चमकतो. मूत्राशय चमकतं, कारण दवा लघवीवाटे बाहेर पडते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं उजळून निघतं, त्यात लहान गाठ लपू शकते. म्हणून पेटच्या आधी कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टर विचारून सांगतात. सुई दिल्यावर तासभर शांत पडून राहायला सांगतात, कारण चाललं-बोललं तर ते स्नायूही साखर ओढतात. आणि आपल्या देशात सर्वांत मोठा चकवा क्षयरोगाचा. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ते टीबीचं आवडतं ठिकाण. तिथली टीबीची गाठ सीटीवर कर्करोगासारखी दिसते आणि पेटवर तशीच चमकते. उलट चिकट स्रावाने भरलेले काही कर्करोग पेटवर जवळजवळ अंधारातच राहतात. म्हणूनच दुर्बीण घालून काढलेला तो तांदळाएवढा तुकडा, बायोप्सी, हाच शेवटचा शब्द. चित्र कितीही बोलकं असो, नाव सांगण्याचा अधिकार तुकड्यालाच.

पचनमार्गाचा फोटो काढणं मुळात अवघड का, तर तो स्थिर बसत नाही. ही हालचाल बघितली ती हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनी. एक्स-रेचा शोध लागून वर्ष-सव्वा वर्षच झालं होतं, तेव्हा १८९६ च्या अखेरीस त्यांनी प्राण्यांना किरण अडवणाऱ्या वस्तू गिळायला देऊन अन्न आत कसं सरकतं ते बघायला सुरुवात केली. मांजरांच्या जठरावर लाटा उठताना त्यांनी पाहिल्या. मांजर चिडलं-घाबरलं की त्या लाटा थांबत, हेही पाहिलं. भीतीचा शरीरावर काय परिणाम होतो या त्यांच्या प्रसिद्ध संशोधनाची वाट तिथूनच फुटली. आपल्याकडे आजही अन्ननलिकेच्या तक्रारीत पांढरं बेरियम प्यायला देतात, ती याच प्रयोगांची पुढची पिढी. आणि एमआरआयच्या वेळी आतड्याच्या या लाटा क्षणभर थोपवायला अनेकदा एक इंजेक्शन देतात, नाहीतर चित्र हलतं.

दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफीचं यंत्र बसवलं तर अन्ननलिकेची किंवा जठराची भिंत आतूनच बघता येते. काही मिलिमीटर जाडीची ती भिंत पडद्यावर पाच पदरांची दिसते, उजळ-काळा-उजळ-काळा-उजळ, नऊवारीच्या काठासारखी. गाठ कोणता पदर फाडून गेली यावरून ठरतं, ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येईल की पोट उघडावं लागेल.

"कुठवर?" हा प्रश्न सर्वांत कस लावून विचारला जातो तो गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागाच्या कर्करोगात. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण एका रेषेने इतकं बदललेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ओटीपोटाच्या अरुंद, हाडांनी वेढलेल्या जागेत गुदाशय असतो. त्याच्याभोवती चरबीचं एक गाठोडं आणि त्या चरबीत लसिका ग्रंथी. पूर्वी शस्त्रक्रिया करूनही पुष्कळ रुग्णांमध्ये तिथेच पुन्हा गाठ उगवायची. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली सांगितलं की चूक या गाठोड्याशी होते आहे. सगळ्या चरबीवर एक झिरझिरीत पापुद्रा असतो. संत्र्याची फोड सोलताना पापुद्र्याच्या कडेकडेने गेलात तर रसाचा थेंब सांडत नाही. मध्येच नख लागलं की हात चिकट. हील्ड यांचं म्हणणं तेच. पापुद्रा न फाडता अख्खी फोड बाहेर काढा. त्या बाजूने गेलं की रक्तही फारसं येत नाही. या पातळीला ते "पवित्र" म्हणत. १९८६ साली लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप करून दाखवलं की गाठ कडेच्या पापुद्र्याला पोचली असेल तरच बहुतेक वेळा आजार तिथे परततो.

पण हे सगळं शस्त्रक्रियेनंतर कळायचं. आधी कसं कळावं? इथे एमआरआय आला. त्यात एक्स-रे नाहीत. दीड टेस्लाचं चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट, शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजन अणूंना एका दिशेला वळवतं. रेडिओलहरींचा धक्का दिला की ते डुलतात, आणि पुन्हा स्थिरावताना स्वतः मंद संदेश सोडतात. पाण्याचा हायड्रोजन वेगळ्या गतीने शांत होतो, चरबीचा वेगळ्या. त्या फरकातून चित्र उमटतं. गुदाशयाच्या एमआरआयमध्ये चरबी दुधासारखी उजळ, गाठ करडी, आणि त्या चरबीभोवती पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. तोच पापुद्रा! हील्ड ज्या पडद्याच्या कडेने जायला सांगत होते तो आता कापण्याआधी दिसत होता. जिना ब्राउन या रेडिऑलॉजिस्टनी ही वाट घालून दिली. युरोपातल्या ४ देशांतल्या ११ केंद्रांनी ४०८ रुग्णांवर केलेल्या मर्क्युरी अभ्यासाने २००६ साली दाखवून दिलं की कड मोकळी निघेल की नाही, हे एमआरआय आधीच विश्वासाने सांगू शकतो.

मर्यादा किती? एक मिलिमीटर. गाठ आणि त्या काळ्या रेघेत एक मिलिमीटरहून जास्त अंतर असेल तर कड सुरक्षित धरतात. नसेल तर आधी रेडिएशन आणि केमो देऊन गाठ मागे सरकवायची, मग शस्त्रक्रिया. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी अंतर, आणि त्यावर रुग्णाचे पुढचे सहा महिने ठरतात. गाठ लिंबाएवढी आहे की सुपारीएवढी, याला इथे फार किंमत नाही. सुपारी रेघेला टेकलेली असू शकते आणि लिंबू दूर.

कधी कधी रेडिएशन-केमोनंतर गाठ पूर्ण विरते. मग पुढे काय? ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी विचारलं, जिथे काहीच उरलेलं सापडत नाही तिथे कापायचं कशासाठी? गाठ अगदी खाली असेल तर शस्त्रक्रियेत गुदद्वारही जातं आणि पोटावर कायमची पिशवी येते. २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचे अनुभव मांडले; त्यातल्या ७१ जणांना शस्त्रक्रिया न करता नुसतं डोळ्यांत तेल घालून तपासत राहिल्या होत्या, आणि त्यांचे निकाल उत्तम होते. तेव्हा पुष्कळांना हे धाडस वाटलं. आज निवडक रुग्णांसाठी ही मान्य वाट आहे, आणि तिच्यावर पहारा ठेवायला बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय असे तिघं लागतात. एमआरआयमध्ये नुसता व्रण उरला असेल तर तो कोळशासारखा काळा दिसतो. शिवाय पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात, हेही एका खास चित्रात बघतात. दाटीवाटीने वाढलेल्या कर्कपेशींत पाण्याला हलायला जागा नसते, संध्याकाळी दादरच्या पुलावर माणसाला नसते तशी. तिथे चित्र उजळतं. व्रणात ती गर्दी नसते. पिशवी टळणार की नाही हा एखाद्या माणसाचा आयुष्यभराचा प्रश्न, आणि उत्तर पाण्याच्या येरझारांत.

आतड्याच्या कर्करोगात यकृताचा स्कॅन का काढतात, असं मावशीच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला विचारलं होतं. कारण आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात गाळलं जातं. सुटलेल्या पेशी तिथेच अडकतात. म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त दवा देऊन, अंगभर ती गरम लाट पसरते ना, त्यानंतर साधारण ३० सेकंदांनी आणि पुन्हा ७० सेकंदांनी "श्वास रोखा" म्हणत यकृताची चित्रं घेतात. पहिल्यांदा धमनीचं रक्त दिसतं, नंतर आतड्याकडून आलेलं. आणि यकृतात गाठी असल्या तरी सगळं संपत नाही. इथे प्रश्न पुन्हा बदलतो. गेलं किती यापेक्षा उरणार किती? निरोगी यकृताचा पंचवीस-तीस टक्के भाग राहिला तरी तो पुन्हा वाढतो. सीटीवरून त्या उरणाऱ्या भागाचं घनफळ आधीच मोजतात. कमी पडत असेल तर गाठी असलेल्या बाजूची शीर मुद्दाम बंद करतात, म्हणजे रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि ती बाजू काही आठवड्यांत फुगते. जपानच्या मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात ही युक्ती रुळवली. पुन्हा सीटी, पुन्हा मोजणी, आणि यकृत पुरेसं वाढलं की शस्त्रक्रिया. वाफ्यात आधी रोप वाढवून घ्यावं आणि मग जुनं झाड काढावं, तसं.

आणखी एक प्रकार राहिला, आतड्यात आणि स्वादुपिंडात उगवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठी. त्यांतल्या पुष्कळ संथ वाढतात, साखरेच्या फारशा भुकेल्या नसतात, त्यामुळे साखरेच्या पेटवर फिक्या राहतात. पण त्यांच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट कुलूप भरपूर असतं, सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचं. त्या कुलपाला बसेल अशी एक चावी शास्त्रज्ञांनी बनवली आणि तिच्या कडीला गॅलियम ६८ चा अणू अडकवला. याचं आयुष्य आणखी तोकडं, ६८ मिनिटांत निम्मं. पण त्याला सायक्लोट्रॉन लागत नाही. जर्मेनियम ६८ भरलेल्या एका छोट्या नळकांड्यातून ते हवं तेव्हा काढता येतं, काही तासांनी पुन्हा तयार. प्रयोगशाळेत अशा यंत्राला गायच म्हणतात आणि दूध काढल्यासारखं ते रोज दोहतात. जर्मेनियम २७१ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे एक गाय बरेच महिने दूध देते.

चावी शिरेत सोडली की तासाभरात ती कुलपं शोधून बसते आणि पेट स्कॅनवर प्रत्येक गाठ उजळते. तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठीही कधी कधी सापडतात. मग पुढची पायरी. चावी तीच ठेवायची आणि कडीला गॅलियमऐवजी ल्युटेशियम १७७ अडकवायचं. हे निम्मं व्हायला साडेसहा दिवसांहून थोडा जास्त वेळ घेतं आणि त्याचे बीटा कण ऊतींत जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात, म्हणजे जिथे चावी बसली तिथलीच पेशी आणि तिचे शेजारी भाजतात. आपल्या देशात हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिलं जातं. साधारण आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने काही वेळा.

ल्युटेशियम बीटा कणांबरोबर थोडे गॅमा किरणही सोडतं, आणि ते शरीराबाहेर येतात. त्यामुळे उपचार दिल्यावर एक-दोन दिवसांत रुग्णाला पुन्हा कॅमेऱ्याखाली झोपवतात. वेगळी सुई नाही, वेगळी दवा नाही. आत शिरलेलं औषधच स्वतःचं चित्र काढतं. डॉक्टर उपचाराआधीचं गॅलियमचं चित्र एका पडद्यावर लावतात, हे ल्युटेशियमचं दुसऱ्यावर, आणि एकेक ठिपका बोटाने जुळवत जातात. यकृतातला हा इथे आहे. मणक्याजवळचा तो तिथे आहे. आतड्याच्या वळणावरचा, अगदी मोहरीएवढा, तोही उजळला आहे.